आतिथ्याचा मोबदला

डिसेंबर २०२० मध्ये फ्रान्समध्ये नव्वद वर्षांचे एक गृहस्थ वारले. जन्माने ते व्हिएन्नाचे ज्यू. त्यांनी आपल्या संपत्तीचा मोठा भाग ल शाँबों-सुर-लिन्यों नावाच्या एका डोंगरी गावाला ठेवला असल्याचे त्यांच्या मृत्युपत्रावरून उघड झाले. ही रक्कम वीस लाख युरोंच्या घरात असल्याचे वृत्त त्या वेळी आले होते. हे गृहस्थ १९४३ मध्ये, बारा-तेरा वर्षांचे असताना, या गावात आश्रयाला आले होते. नाझींच्या हाती सापडू नयेत म्हणून गावाने त्यांना ठेवून घेतले होते. पुढे जवळजवळ आयुष्यभर हे ऋण मनात बाळगून त्यांनी ते अखेरीस अशा रीतीने फेडले, आणि पैसा मुलांच्या शिक्षणासाठी खर्च व्हावा अशी इच्छाही नोंदवून ठेवली.

या वृत्ताला जगभर प्रसिद्धी मिळाली, आणि बहुतेकांनी त्याचे तात्पर्य एकच काढले : केलेला उपकार वाया जात नाही, निरपेक्षपणे केलेल्या भल्याचे फळ आज ना उद्या पदरी पडतेच. शाळेच्या फळ्यावर सुविचार म्हणून लिहावे असे हे तात्पर्य आहे. ऐकायला ते गोड लागते, आणि त्यात कोणाचे नुकसान नाही असेही वाटते. पण ल शाँबोंमध्ये प्रत्यक्षात जे घडले त्याच्याशी हे तात्पर्य जुळत नाही. इतकेच नव्हे, तर ज्या धर्मश्रद्धेच्या बळावर त्या गावाने आपली दारे उघडली, त्या श्रद्धेच्या मूळ शिकवणुकीलाही ते धरून नाही. 

समुद्रसपाटीपासून सुमारे एक हजार मीटर उंचीच्या पठारावर हे गाव वसलेले आहे. हिवाळा कडक, शेती बेताची, वस्ती विरळ. कॅथलिक फ्रान्समध्ये या पठारावरचे लोक मात्र बहुसंख्येने प्रॉटेस्टंट. १५९८ च्या नांतच्या फर्मानाने त्यांच्या पूर्वजांना उपासनेचे स्वातंत्र्य मिळाले होते. चौदाव्या लुईने ते १६८५ मध्ये काढून घेतले. त्यानंतर सुमारे शंभर वर्षे या लोकांनी रानावनात लपून प्रार्थना केल्या, पाळकांना धान्याच्या कोठारांत दडवले, आणि पकडले गेल्यावर तुरुंग व वल्हेकऱ्यांच्या साखळ्या सोसल्या. सरकारी शिपाई दाराशी आला म्हणजे काय बोलायचे आणि काय बोलायचे नाही, हे तिथल्या शेतकऱ्याला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

जून १९४० मध्ये फ्रान्स शरण गेला आणि मार्शल पेतां यांचे व्हिशी सरकार आले. शरणागतीच्या करारावर सही होऊन एक दिवस झाला होता. त्या रविवारी गावचे पाळक आंद्रे त्रोक्मे आणि त्यांचे सहकारी एदुआर तेइस यांनी देवळात सांगितले, की सदसद्विवेकावर बळजबरी होऊ लागली तर तिला विरोध करणे हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य आहे, आणि हा विरोध हिंसेवाचून, पण निर्भयपणे करायचा आहे. प्रवचने पुष्कळ ठिकाणी होतात. या प्रवचनाचा अर्थ मात्र गावाला लवकरच स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून लावावा लागला.

त्या पहिल्याच हिवाळ्यात एका संध्याकाळी पाळकांच्या पत्नी माग्दा त्रोक्मे यांच्या दारावर थाप पडली. बाहेर बर्फाने माखलेली, घाबरलेली एक जर्मन ज्यू स्त्री उभी होती. आत येऊ का, असे तिने विचारले. माग्दाबाईंनी तिला आत घेतले, खाऊ घातले, आणि तिचे भिजलेले जोडे वाळावेत म्हणून भट्टीत ठेवले. माग्दाबाई गावच्या मेयरकडे कागदपत्रांची व्यवस्था करण्यासाठी गेल्या, तर मेयर संतापला. एका परकीय बाईसाठी सारे गाव संकटात घालता काय, सकाळच्या आत तिला येथून काढा, असे त्याने बजावले. बाई घरी परतल्या तेव्हा भट्टीतले जोडे जळून कोळसा झाले होते. टंचाईच्या दिवसांत दुसरे जोडे मिळवण्यासाठी त्यांना गावभर हिंडावे लागले, आणि दुसऱ्या दिवशी त्या स्त्रीला पुढच्या ठिकाणी रवाना करावे लागले.

ल शाँबोंच्या आतिथ्याचा आरंभ असा अर्धवट, फसलेला आहे. गौरवगाथा लिहिणारे तो बहुधा गाळतात. पण पुढचे सारे त्यातूनच निघाले. सरकारी अधिकाऱ्याला विचारून पाहुणा ठेवता येत नाही, हा धडा माग्दाबाईंनी त्या रात्री घेतला. नंतर दारावर थाप पडली की प्रथम दार उघडायचे आणि विचार मागाहून करायचा, अशी त्या घराची रीत झाली. पाहता पाहता ती गावाची झाली. शेतकऱ्यांनी मुले ठेवून घेतली. खानावळी आणि वसतिगृहे भरली. स्वित्झर्लंडमधील मदत संस्था, क्वेकर पंथीय आणि ‘सिमाद’ ही प्रॉटेस्टंट तरुणांची संघटना यांच्या पैशावर मुलांसाठी घरे चालू झाली. १९३८ मध्ये त्रोक्मे व तेइस यांनी काढलेल्या शाळेत निर्वासित मुले शिकू लागली आणि निर्वासित अध्यापक शिकवू लागले. खोटी ओळखपत्रे आणि खोटी शिधापत्रिका तयार झाल्या. असत्य न बोलण्याचे व्रत घेतलेल्या माणसांच्या मनाला ही गोष्ट लागत होती. पण प्राण वाचवण्यासाठी त्यांनी तीही केली. पोलिसांची धाड येत असल्याची कुणकुण लागताच मुले रानात जात. पठारावरच्या कॅथलिक कुटुंबांनीही यात हात दिला. चार वर्षांत येथे काही हजार माणसे येऊन गेली. त्यांत बहुसंख्य ज्यू होते. पाच हजार हा आकडा पुष्कळ वर्षे सांगितला जात असे. अलीकडचे अभ्यासक तो कमी धरतात. पण आकडा कोणताही धरला, तरी काही हजारांच्या या वस्तीने जवळजवळ आपल्याएवढाच दुसरा समाज पोटाशी धरला हे खरेच. आणि हे साधले ते एकाच्या शौर्यामुळे नव्हे. शेजाऱ्याच्या घरी नवे पोर कोठून आले हे कोणी कोणाला विचारले नाही, म्हणून.

लपवाछपवी सारी होती, तरी तत्त्व मात्र त्यांनी उघड सांगितले. जुलै १९४२ मध्ये पॅरिसमध्ये हजारो ज्यूंची धरपकड झाली. पुढच्याच महिन्यात व्हिशी सरकारचे एक मंत्री गावाला भेट देण्यास आले, तेव्हा वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी त्यांच्या हाती एक पत्र दिले. आमच्यात ज्यू आहेत, आम्ही ज्यू आणि ज्यूेतर असा भेद मानत नाही, त्यांना धरून नेण्याचा हुकूम आला तर आम्ही त्यांना तो मोडायला सांगू आणि लपवू, असा त्या पत्राचा आशय होता. त्यानंतर दोन आठवड्यांत पोलीस रिकाम्या बसगाड्या घेऊन आले. त्रोक्मे यांच्याकडे ज्यूंची यादी मागण्यात आली. त्यांनी ती दिली नाही. पोलिसांनी अनेक दिवस गाव आणि आसपासची शेते धुंडाळली. गाड्या जवळजवळ रिकाम्याच परत गेल्या.

आता या सगळ्याचे फळ काय मिळाले ते पाहावे. त्रोक्मे यांचे दूरचे चुलतबंधू दानिएल त्रोक्मे हे निर्वासित मुलांचे एक घर सांभाळीत आणि शिवाय एका विद्यार्थी वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. २९ जून १९४३ रोजी गेस्टापोने त्या वसतिगृहावर छापा घातला. दानिएल निसटू शकले असते. पण आपल्या विद्यार्थ्यांना सोडून जाणे त्यांना मान्य नव्हते. एप्रिल १९४४ मध्ये माइदानेकच्या छळछावणीत त्यांचा अंत झाला. गावचे डॉक्टर रोजे ल फोरेस्तिए यांना ऑगस्ट १९४४ मध्ये लिऑंजवळ इतर कैद्यांबरोबर ठार करण्यात आले. त्या प्रदेशाची मुक्तता तेव्हा काही दिवसांवर आली होती. केलेला उपकार वाया जात नाही हे सूत्र या दोघांच्या घरच्यांना कोणत्या तोंडाने सांगावे? वीस लाख युरोंची बातमी वाचून ज्याला आतिथ्याची थोरवी पटते, त्याला माइदानेकची बातमी वाचून ते आतिथ्य मूर्खपणाचे ठरवावे लागेल. फळावरून कर्माची किंमत करायची तर दोन्ही फळे हिशेबात धरली पाहिजेत.

ख्रिस्ती शास्त्रात प्रतिफळाची भाषा नाही, असे अर्थातच नाही. ती पुष्कळ आहे, आणि श्रद्धाळूंच्या तोंडीही ती असते. परंतु ती कोणत्या संदर्भात येते हे पाहण्यासारखे आहे. लूकच्या शुभवर्तमानात येशू एका यजमानाला सांगतो, की मेजवानी देशील तेव्हा मित्रांना, नातलगांना आणि श्रीमंत शेजाऱ्यांना बोलावू नकोस. ते उलट आमंत्रण देतील आणि तुझी फेड होऊन जाईल. गोरगरीब, पांगळे, आंधळे यांना बोलाव. त्यांच्याजवळ फेडायला काही नसते. फेड आहे, पण ती या जगाच्या व्यवहारात नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानातील न्यायदिनाच्या दृष्टान्तात याहून सूक्ष्म गोष्ट आहे. भुकेल्याला अन्न आणि परक्याला आसरा देणाऱ्या माणसांना तेथे वारसा मिळतो, पण तो मिळाल्यावर ती माणसे गोंधळून जातात. प्रभू, तू कधी भुकेला होतास, तुला आम्ही कधी घरात घेतले, असे ती विचारतात. ज्यांना फळ मिळते त्यांना आपण ते मिळवीत आहोत याचा पत्ताच नव्हता. ज्याने हिशेब ठेवला असता त्याला आश्चर्य वाटले नसते. आणि त्या दृष्टान्तात आश्चर्य वाटणाऱ्यांनाच आत घेतले आहे.

ही शिकवण केवळ ग्रंथात राहिली नाही, याची साक्ष ख्रिस्ती धर्माच्या एका शत्रूनेच दिलेली आहे. रोमन सम्राट जूलियन याला ख्रिस्ती धर्म मोडून जुन्या देवतांची पूजा पुन्हा रूढ करायची होती. ३६२ च्या सुमारास आपल्या एका प्रमुख पुजाऱ्याला लिहिलेल्या पत्रात त्याने कुरकुर केली, की हे लोक आपल्या गरिबांबरोबर आमच्याही गरिबांना पोसतात, आणि आमचे लोक मात्र आमच्याकडून काही मिळत नाही असे पाहतात. तेव्हा आपणही नगरोनगरी धर्मशाळा काढाव्यात. त्यानंतर थोड्याच वर्षांत कॅपडोशियातील सीझरिया येथे बिशप बेसिल यांनी वाटसरू, आजारी आणि महारोगी यांच्यासाठी एक वसाहतच उभी केली. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठांना नियम घालून दिला, की येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ख्रिस्तच आला असे समजून घ्यावे, आणि गरीब व यात्रेकरू यांच्याकडे अधिक लक्ष द्यावे. श्रीमंताचा मान त्याच्या दराऱ्यामुळे आपोआप राखला जातोच. (बेनेडिक्ट यांना माणसे ओळखता येत होती, हे या शेवटच्या शेऱ्यावरून दिसते.) पोर्तुगीजांकडून मराठीत आलेला ‘इस्पितळ’ हा शब्द मूळच्या लॅटिनमधील पाहुणा या अर्थाच्या शब्दापासून निघालेला आहे. अतिथीला देव मानण्याची शिकवण ज्यांच्या घरी आहे, त्यांना हे सारे परके वाटण्याचे कारण नाही.

तरीही महाराष्ट्रात ख्रिस्ती सेवा म्हटली की एक शंका मनात येते, आणि ती बाजूला सारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पैशाचा मोबदला नको, कीर्तीचाही नको. पण पाहुण्याचा धर्म हाच मोबदला म्हणून घेतला जात असेल तर? या शंकेला मराठी समाजात जुना इतिहास आहे. पंडिता रमाबाईंनी मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. उच्चवर्णीय विधवांना शिक्षण देणारी ही संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असे आश्वासन होते, म्हणूनच रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे लोक तिच्या सल्लागार मंडळात होते. मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात, त्यांचा कल ख्रिस्ती धर्माकडे होतो, असा गवगवा १८९३ मध्ये झाला, ‘केसरी’ने तो लावून धरला, सल्लागारांनी अंग काढून घेतले, अनेक पालकांनी मुली परत नेल्या. आपण प्रार्थना करताना दार बंद करीत नाही, येणाऱ्याला बोलावीत नाही आणि हाकलीतही नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती.

या वादात दोन्ही बाजूंना काही अंशी न्याय द्यावा लागतो. जिला दुसरे छप्पर नाही अशा मुलीच्या बाबतीत ‘उघडे दार’ हे पूर्णपणे मोकळे दार नसते. अन्नदात्याच्या श्रद्धेचे ओझे तिच्या मनावर न सांगता पडते. टीकाकारांचा हा मुद्दा खोडून काढता येत नाही, आणि पुढे केडगावच्या मुक्ती मिशनला तर तो अधिकच लागू होतो, कारण तेथे तटस्थतेचे आश्वासनही उरले नव्हते. पण दुसरी बाजू अशी, की या विधवांना आपल्या घरात जागा देण्याची तयारी टीकाकारांपैकी फार थोड्यांची होती. रमाबाईंचे आईवडील आणि बहीण १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यातील दुष्काळात अन्नावाचून गेले होते. दोन दशकांनी, १८९६-९७ च्या दुष्काळात, मध्य प्रांतात जाऊन शेकडो उपाशी मुलींना त्यांनी केडगावी आणले. त्या वेळी त्या मुलींपुढे दुसऱ्या कोणाचे दार उघडे नव्हते. भुकेल्याच्या धर्माची चिंता त्याच्या भुकेच्या चिंतेआधी ज्याला सुचते, त्याच्या चिंतेविषयीही शंका घेण्याचा अधिकार भुकेल्याला आहे.

आणि शारदा सदनाचे फळ कोणाच्या ओंजळीत पडले तेही पाहिले पाहिजे. तिथल्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई ही बालविधवा होती. ती हिंदूच राहिली. १८९३ मध्ये, म्हणजे पुण्यात गदारोळ चालू होता त्याच वर्षी, धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. तीन वर्षांनी कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. आनंदीबाईंनी त्यासाठी दारोदार वर्गणी मागितली. ख्रिस्ती बाईच्या घरात शिकलेल्या हिंदू विधवेचे कष्ट हिंदू विधवांच्या आश्रमाला मिळाले. रमाबाईंच्या हिशेबाच्या वहीत हे जमेच्या बाजूला कोठे मांडावे, हे कोणत्याही मिशनच्या हिशेबनिसाला सांगता आले नसते. टीकाकारांच्या शंकेला खरे उत्तरही रमाबाईंच्या खुलाशाने मिळाले नाही. ते कर्व्यांनी आपले दार उघडले तेव्हा मिळाले.

या कसोटीवर ल शाँबों उजळ ठरते. गावात आलेल्या ज्यू मुलांना ख्रिस्ती करून घेण्याचा उद्योग तेथे सामान्यतः झाला नाही. पाळक ठाम श्रद्धेचे होते, रविवारी देऊळ भरत असे; पण आसरा घेणाऱ्याने त्याची किंमत आपल्या पूर्वजांच्या देवाने मोजावी, अशी अपेक्षा ठेवलेली दिसत नाही. ज्यू म्हणून आला तो ज्यू म्हणूनच सीमेपलीकडे गेला किंवा युद्ध संपल्यावर घरी गेला. यासाठी श्रद्धा पातळ करावी लागली नाही, हे धर्माविषयी संशय बाळगणाऱ्यांनी आणि धर्माच्या नावाने माणसे मोजणाऱ्यांनी सारखेच ध्यानात घ्यावे असे आहे.

युद्धानंतर गाव गप्प राहिले. इस्राएलच्या याद वाशेम संस्थेने आंद्रे त्रोक्मे यांचा सन्मान १९७१ मध्ये केला, आणि त्याच वर्षी ते वारले. साऱ्या गावाचा एकत्रित गौरव व्हायला १९९० साल उजाडले. पुस्तके लिहिणारे आणि चित्रपट काढणारे लोक पठारावर येऊन म्हाताऱ्या शेतकऱ्यांना विचारू लागले, की तुम्ही हे का केले. तेव्हा त्यांना समाधानकारक उत्तर मिळेना. माणसे आली, त्यांना जागा हवी होती, यापलीकडे सांगण्यासारखे काही आहे असे त्या वृद्धांना वाटतच नव्हते. न्यायदिनाच्या दृष्टान्तातील माणसांचा गोंधळ याहून फार निराळा नसावा.

आणि पाहुणा नेहमी निर्वासितच असतो असेही नाही. १३ फेब्रुवारी १९४३ च्या संध्याकाळी दोन पोलीस त्रोक्मे यांना अटक करण्यासाठी त्यांच्या घरी आले. पाळक बाहेर गेले होते. पोलीस त्यांच्या खोलीत वाट पाहत बसले, आणि माग्दाबाई घरातल्या कामाच्या गर्दीत त्यांना विसरूनही गेल्या. रात्री उशिरा त्रोक्मे परतले. अटकेचा हुकूम त्यांना सांगण्यात आला. बाई त्यांच्या कपड्यांची पेटी भरू लागल्या. तोवर जेवायची वेळ होऊन गेली होती. बाईंनी त्या दोघा पोलिसांनाही जेवायला बसायला सांगितले. बातमी फुटताच शेजारीपाजारी एकेक वस्तू घेऊन आत येऊ लागले, तुरुंगात उपयोगी पडेल म्हणून जे ज्याच्या घरात होते ते. पाळक नेले गेले आणि महिन्याभराने, सरकारच्या आज्ञा पाळण्याच्या कागदावर सही न करताच, परत आले. नवऱ्याला न्यायला आलेल्यांना आपण ताटावर बसवलेत तरी कसे, असे पुढे अनेकांनी माग्दाबाईंना विचारले. त्यांना त्या प्रश्नाचा रोख कधी नीटसा कळला नाही. जेवणाची वेळ झाली होती, ते लोक मध्येच उभे होते, आणि भूक सगळ्यांनाच लागली होती, एवढेच त्या सांगत.